जमावाचा आवाज

१

पास्कोल फुर्तादोला विहिरीतून वर काढलं तेव्हा त्याच्या खांद्याला माडाची दोन कोवळी, पिवळट पाती चिकटलेली होती. पाण्यावरही तसलीच आणखी काही तरंगत होती. रहाटाचा दोर आत लोंबत होता आणि तळाशी एक गोणपाट बुडालेलं दिसत होतं. सब-इन्स्पेक्टर सुनेत्रा करंबेळकरने हे सगळं पाहिलं. भोवती माडच माड, पाती पडायचीच, असं मनाशी म्हणून ती घराकडे वळली. हेदवीत माडांच्या सावलीत वाढलेल्या बाईकडून ही चूक व्हायला नको होती. पण झाली, आणि तिची किंमत दुसऱ्याच कुणीतरी मोजली.

पास्कोल हा जहाजावरचा स्वयंपाकी. निवृत्त होऊन भाट्याच्या पुलाअलीकडे चढावरच्या आपल्या कौलारू घरात परतला होता. बायको गेल्यापासून एकटाच. गुडघे गेलेले, डोळे अधू, पण स्वभाव असा की चढण चढून आलेल्या पोस्टमनला जेवायला घातल्याशिवाय सोडायचा नाही. बुधवारी संध्याकाळी शेजारचा जेरोम आल्मेडा कामावरून परतला, पाणी काढायला विहिरीवर गेला, आणि त्याला आत पास्कोल दिसला.

पडवीत टेबलावर बायबल उघडं होतं. पान उडू नये म्हणून वर एक मोठा शिंपला ठेवलेला, शेजारी घडी न केलेला चष्मा. सुनेत्राने चष्मा न हलवता पान वाचलं. यहूदाचं नाव तिला ऐकून माहीत होतं. येशूला धरून देणारा शिष्य. पानावर पुढचं होतं. त्याला पश्चात्ताप होतो, तो मुख्य याजकांकडे जाऊन कबुली देतो, ते त्याला झिडकारतात आणि तो गळफास घेतो.

अंगणात माणसं जमली होती. त्यांच्यात पांढऱ्या केसांची, ताठ पाठीची एक बाई होती. फिलोमिना परेरा. निवृत्त शिक्षिका, म्हणून सगळे तिला टीचर म्हणायचे. दर गुरुवारी कुणा ना कुणाच्या घरी चारपाच कॅथलिक माणसं बायबल वाचायला जमत, त्या मंडळाची ती प्रमुख होती आणि पास्कोल त्या मंडळातला.

"टीचर, हे पान जरा बघता?"

फिलोमिनाने पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"यहूदाचा भाग," ती म्हणाली.

"पास्कोलअंकल आज हेच का वाचत बसले असतील?"

फिलोमिनाने चष्म्याच्या काड्या हळूच मिटल्या. "माणसाच्या मनात काय चाललेलं असतं, ते कुणाला कळतं?"

एवढं उत्तर सुनेत्राला पुरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वसईहून पास्कोलची मुलगी रोझा आली. चाळिशीची, एकाच बॅगेत घाईने कपडे कोंबून निघालेली. तिने बापाचं तोंड पाहायच्या आधी सुनेत्राला विचारलं, "चिठ्ठी ठेवलीय का त्याने?"

"चिठ्ठी नाही. पण बायबल उघडं होतं," सुनेत्राने सांगितलं. कोणतं पान, तेही सांगितलं. सांगताना आपण काम व्यवस्थित करतोय असंच तिला वाटत होतं.

रोझा पायरीवर बसली. "मंगळवारी फोनवर भांडले मी. वसईला ये, माझ्याकडे राहा, म्हणून किती वर्षं सांगतेय. दरवेळी म्हणायचा, इथं मंडळ आहे ग माझं. मी म्हटलं, मग मंडळालाच धरून बस. ईस्टरला मी येणार नाही. तू मेलास तरी येणार नाही." तिने वर पाहिलं. "मॅडम, तो माझ्यामुळे गेला का, एवढंच मला सांगा. दुसरं काही नको."

सुनेत्रा म्हणाली, "अजून चौकशी चालू आहे." रोझाने त्याचा अर्थ 'हो' असा घेतला.

२

शुक्रवारी दफनविधी झाला. डॉक्टरांचं म्हणणं साधं होतं. बुडून मृत्यू, डोक्याला खरचटलेलं, आणि नखं तुटलेली, बोटांच्या टोकांत जांभ्या दगडाची लाल माती. म्हणजे विहिरीचे चिरे धरून तो लटकत राहिला असणार, बराच वेळ. उडी मारलेली माणसंही आत गेल्यावर धडपडतात, सुनेत्राने मनाशी म्हटलं. कागद पुरा करायला ती बसली, तेवढ्यात दारात भागोजी उभा राहिला.

भागोजी पास्कोलच्या कुंपणाच्या दगडी गडग्यापलीकडच्या आंब्याच्या बागेत कामाला होता. खांद्यावर अजून झेला होता, टोकाला जाळी बांधलेली ती लांब काठी.

"तो बाहेर ठेव आधी," हवालदार म्हणाला.

"बाहेर ठेवला तर तुमचाच मानूस नेल," भागोजी म्हणाला आणि काठी भिंतीला लावून आत आला. "मॅडम, बुधवारी दुपारी मी कलमावर होतो. वरच्या फांदीला. खाली बघायला फुरसत नाय, मधी पानं. पण कान काय कुनी बांधले नव्हते. पास्कोलबाबाच्या पडवीत दोघं होते."

सुनेत्राने पेन खाली ठेवलं. "दोघं?"

"बाबा मोठ्यांदी बोलला, मी पाप केलंय. ज्याचा काय अपराध नाय त्याला मी मरनाच्या हवाली केलं. असा बोलला, अंगावर काटा आला बघा. मग दुसरा म्हनतो, त्याचं आम्हाला काय? तुझं तू बघ."

"दुसरा कोण?"

"बसका आवाज. ओळखीचा वाटला."

"नाव?"

"नाव नाय घ्यायचो. उद्या चुकीचं निघालं तर आख्खी वाडी माज्यासंगती बोलायची बंद होईल. आनि ते एकदाच नाय बोलले. तेच ते, पुन्हा पुन्हा. दोनदा, तीनदा. म्हटलं म्हातारे भांडतायत की काय करतायत! मग टेम्पो आला, मी पेट्या घेऊन खाली गेलो. पुढचं मला ठाऊक नाय."

तो गेल्यावर सुनेत्राने पुरा करायला घेतलेला कागद बाजूला सारला. पास्कोलने कुणाला मरणाच्या हवाली केलं? आणि एकटा माणूस 'आम्हाला' म्हणतो, तेव्हा त्याच्या पाठीशी आणखी कोण उभं असतं? आत्महत्येचं प्रकरण आता साधं राहिलं नव्हतं. पास्कोल मेला त्या दुपारी त्याच्यासमोर एक माणूस बसला होता, आणि तो माणूस अजून पुढे आलेला नव्हता.

३

बसक्या आवाजाची दोन माणसं मंडळात होती. पहिला जेरोम.

जेरोम मिरकरवाड्यात बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. सुनेत्रा गेली तेव्हा तो कोपरापर्यंत ग्रीसने माखलेला होता.

"गडग्यावरून तुमचं आणि पास्कोलअंकलचं भांडण होतं म्हणे?"

"होतं म्हणजे? रोजचं होतं. मी म्हणायचो दगड तुझ्या बाजूने सरकलाय, तो म्हणायचा तुझी अक्कल सरकलीय. मग मला फिश करी पाठवायचा. भांड्याला वरून चिठ्ठी, भांडं परत कर, चोर." जेरोम हसला आणि हसतानाच त्याचे डोळे भरले. "बुधवारी दुपारी मी इथं होतो. त्या समोरच्या बोटीवाल्यांना विचारा, त्यांचं इंजिन अजून माझ्या नावाने रडतंय."

बोटीवाल्यांनी दुजोरा दिला. जेरोम दिवसभर तिथंच होता.

"मंडळात आता कोण कोण राहिलं?"

"टीचर, मी आणि एवारिस्त. पास्कोल असता तर अळूवडी करून आणायचा आणि वाचन सुरू व्हायच्या आधीच संपवायला लावायचा."

बसक्या आवाजाचा दुसरा एवारिस्त नोरोन्हा, वायरमन. दिव्याच्या खांबावर, माडावर, देवळाच्या कळसावरसुद्धा चढून काम करून देणारा. दारू सोडून दुसरा शत्रू नाही, असं त्याची बायको लुसी म्हणायची. यंदा राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरच्या उपवासाला सुरुवात होते त्या दिवशी, त्याने मंडळासमोर शपथ घेतली होती की ईस्टरपर्यंत थेंब घेणार नाही. पास्कोल त्याचा जामीन राहिला होता. हे जेरोमनेच सांगितलं.

एवारिस्तच्या दारात सुनेत्राने विचारलं, "बुधवारी दुपारी कुठं होतास?"

"कामावर," एवारिस्त म्हणाला.

"तापाने झोपले होते," त्याच क्षणी आतून लुसी म्हणाली.

दोघं एकमेकांकडे पाहत राहिले. एवारिस्तचे हात थरथरत होते. पण दारू सुटलेल्या माणसाचे हात थरथरतात, आणि न सुटलेल्याचेही.

"पास्कोलअंकलने कधी कुणाचं वाईट केलं होतं? कुणाच्या जिवावर बेतेल असं काही?"

एवारिस्तने मान हलवली. "त्यांनी?" तो म्हणाला. "त्यांनी कुणाचं?" आणि त्याने दार लावून घेतलं.

परत जाताना सुनेत्राच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. ज्याला खून करायचा असतो तो 'तुझं तू बघ' असं सांगत नाही. ते सोडून जाणाऱ्या माणसाचं बोलणं होतं.

४

रविवारी चर्चच्या मिरवणुकीच्या बंदोबस्ताला सुनेत्राची नेमणूक होती. झावळ्यांचा रविवार. येशू यरुशलेमात शिरला तेव्हा लोकांनी झावळ्या हलवून त्याचं स्वागत केलं, त्याची आठवण. हातात माडाची पाती घेऊन माणसं रस्त्याने गात आली आणि आत शिरली. तीच पाती विणून काही बायकांनी तिचे क्रूस केले होते. कोवळी, पिवळट पाती. न उघडलेल्या झावळीतली. सुनेत्रा ती पाहत राहिली. झाडावरून पडते ती सुकलेली, तपकिरी झावळ. ही पाती कधी आपणहून पडत नाही. ती चढून, कापून काढावी लागते.

सावलीसाठी ती चर्चच्या मागच्या दाराशी उभी राहिली. आत शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्राचं वाचन, सुरू झालं. इतर रविवारी ते फादर एकटेच वाचतात. पण आज प्रभूच्या दुःखसहनाची पूर्ण कथा असते आणि ती आवाज वाटून घेऊन वाचतात. येशूचे शब्द फादर ऑस्कर वाचत होते. निवेदन फिलोमिना टीचर. पेत्र, पिलात वगैरे एकेकट्या माणसांचे शब्द जेरोम, अडखळत. आणि लोकांचे, याजकांचे, म्हणजे जमावाचे शब्द कॉलेजातली एक मुलगी वाचत होती. ओळीखाली बोट धरून, तरीही ओळी चुकत.

फिलोमिनाचा आवाज आला. यहूदा परत आला आणि म्हणाला...

जेरोमने पान उलटलं. "मी पाप केलं आहे. निरपराध माणसाला मी मरणाच्या हवाली केलं."

मुलीने बोट पुढे सरकवलं. "त्याचं आम्हाला काय? तुझं तू बघ."

भागोजीने कलमावरून ऐकलेलं एकूण एक बोलणं आत चर्चमध्ये माइकवर चाललं होतं. पास्कोलने कुणाचाही घात केला नव्हता. त्याने कुठलीही कबुली दिली नव्हती. तो बुधवारी दुपारी बसून रविवारचं वाचन पाठ करत होता, आणि उघडं पान हे त्याचं शेवटचं बोलणं नव्हतं, ते त्याचं घरचं काम होतं.

समोरच्या बाकावर रोझा बसली होती. खांदे आवळून, प्रत्येक शब्द अंगावर झेलत.

प्रार्थना संपल्यावर सुनेत्राने त्या मुलीला गाठलं. "छान वाचलंस."

"कसलं छान! सकाळी दारात टीचरनी कागद हातात दिला. माझं नावच नव्हतं."

"मग कुणाचं होतं?"

मुलीची नजर कुंपणाकडे गेली आणि परत आली. कुंपणाबाहेर, रस्त्याच्या पलीकडे, हातात पातीसुद्धा न घेता एवारिस्त उभा होता.

मेला होता एक माणूस. पण वाचणाऱ्यांच्या जागा दोन रिकाम्या झाल्या होत्या.

५

ती जेरोमच्या घरी गेली. देव्हाऱ्यासारख्या छोट्या वेदीवर मेणबत्ती होती आणि तिच्यापुढे त्याचं बायबल. तेच पान उघडं.

"येत्या रविवारचं वाचन आठवडाभर उघडं ठेवायचं, ही तुमच्या मंडळाची रीत. बरोबर?"

जेरोमने मान हलवली. शुक्रवारी चोराच्या चिठ्ठीवर हसणारा माणूस आज तोंड उघडायला तयार नव्हता.

"शुक्रवारी तुम्ही माझ्याशी मोकळेपणाने बोललात. शनिवारी काय झालं?"

"मंडळ बसलं होतं. पास्कोलसाठी प्रार्थनेला."

"आणि?"

"मॅडम, वाचन झालं की आम्ही एकेक जण मनातलं बोलतो. शेअरिंग. तिथं जे बोललं जातं ते तिथंच राहतं. त्यावर आमचं मंडळ उभं आहे. माणसं बायकोला सांगत नाहीत ते तिथं सांगतात." त्याने तोंडावरून हात फिरवला. "मला विचारू नका. फादरना विचारा. आमचं वचन धरायचं की नाही, ते सांगू देत."

फादर ऑस्करनी ऐकून घेतलं आणि खिडकी लावली.

"माझ्यापुढे कुणी पापं सांगितली तर ती मरेपर्यंत माझ्यापाशी. कोण आलं, कोण नाही आलं, हेही मी बोलणार नाही. पण ते बंधन माझं आहे. कुणाच्या घरी चटईवर बसून चार माणसं बोलली, तर ती मित्रांची गोष्ट झाली. चहाड्या करू नयेत म्हणून तो नियम. माणूस मेल्यावर त्याच्या मुलीपासून सत्य लपवायला नाही." ते थांबले. "आमची माणसं एवढी भाविक आहेत, की जो अधिकार त्यांना कुणी दिलेलाच नाही, त्याचं ओझं वाहत बसतात."

"त्यांना हे ठाऊक नसेल?"

"फिलोमिनाला? तिनेच इथल्या मुलांना शिकवलंय हे," फादर म्हणाले.

६

सोमवारी संध्याकाळी, ऊन असतानाच, सुनेत्राने तिघांना फिलोमिनाच्या बैठकीत एकत्र बसवलं. गुरुवारी बसायचे तसेच ते गोलात बसले. एक खुर्ची रिकामी राहिली.

"मी सांगते, चुकलं तर थांबवा," सुनेत्रा म्हणाली. "विहिरीत कोवळी पाती होती. ती कुणीतरी माडावर चढून कापली. पास्कोलअंकलच्या गुडघ्यांना पायरी जड, माड कुठला! रविवारपर्यंत ताजी राहावी म्हणून ती गोणपाटात गुंडाळून विहिरीत सोडायची होती. ज्याला बुधवारी मरायचंय तो रविवारची पाती थंड करत बसत नाही. पान रविवारचं. बोलणं रविवारचं. पास्कोलअंकल यहूदाचे शब्द वाचत होते, समोरचा माणूस जमावाचे. तो माणूस माडावर चढतो, त्याचा आवाज बसका आहे, आणि काल त्याला ते शब्द लोकांसमोर वाचता आले नाहीत." ती वळली. "एवारिस्त."

एवारिस्तने नाकारलं नाही. उलट खांद्यावरची पेटी कुणी उतरवून घ्यावी तसा तो सैल झाला.

"मी घेतली होती," तो म्हणाला. "सकाळी. क्वार्टर. त्यांना वास आला असणार. काही बोलले नाहीत. नुसतं म्हणाले, पुन्हा वाच, अजून जोरात, तू एकटा नाहीस, आख्खा जमाव आहेस. पुन्हा वाच. मग पाती कापून दिली मी. ती सोडताना दोर रहाटात अडकला. ते वाकले. कठडा गुडघ्याएवढा."

"मग?"

"दोर टाकला त्यांच्याकडे. त्यांनी धरला. ओढायला गेलो तर माझ्या हातात जोरच नव्हता. माझेच पाय सरकायला लागले. ते म्हणाले, तू नको, तू पडशील. माणसं आण."

"फोन होता तुझ्याकडे."

"होता."

"कुणाला केलास?"

"कुणालाच नाही. नंबर दिसत नव्हते मला." तो जमिनीकडे पाहत होता. "पळत इथं आलो. जेरोमचं घर बंद, मग जवळचं घर हेच."

सुनेत्राने फिलोमिनाकडे पाहिलं. जेरोमने मान वर केली नाही. त्याला शनिवारीच कळलं होतं.

फिलोमिनाची पाठ अजून ताठ होती. "दारात उभा होता," ती म्हणाली. "वास येत होता. शब्द फुटत नव्हता, नुसता हात करत होता. मी म्हटलं, चाळीस दिवस तेवढे पाळता आले नाहीत तुला? पास्कोलचं नाव घालवलंस. शुद्धीवर ये आणि मग माझ्या दारात उभा राहा. मी दार लावलं."

"आणि संध्याकाळी विहिरीची बातमी आली."

"हो."

"म्हणजे मी तुम्हाला ते पान दाखवलं तेव्हा तुम्हाला समजलेलं होतं. एवारिस्त कशाला आला होता तेही, आणि पान रविवारचं आहे तेही. तुम्ही एक वाक्य बोलला असता तर मी आत्महत्या हा शब्द उच्चारला नसता."

"मी खोटं बोलले नाही."

"नाही. खोटं मी बोलले, तुमच्या वतीने. त्यांच्या मुलीशी."

फिलोमिनाची ताठ पाठ पहिल्यांदाच खुर्चीला टेकली. मग ती म्हणाली, "शनिवारी याने सगळं सांगितलं. मीच म्हटलं, वर्तुळातलं वर्तुळात राहील. याला वाचवायचं होतं मला. बायको आहे, पोरं आहेत."

"टीचर," जेरोम म्हणाला. त्याचा आवाज अगदी खाली होता. "याला की दाराला?"

सुनेत्रा एवारिस्तकडे वळली. "इथून पुढे कुठं गेलास?"

"खाडीकडे."

"विहिरीकडे परत का नाही गेलास?"

"त्यांनी मला तसं पाहिलं होतं ना," तो म्हणाला, जणू एवढ्यात सगळं आलं. "जामीन राहिले होते माझे. वर काढून त्यांना तोंड काय दाखवू? विहिरीवरून निघालो तेव्हा मागून हाका येत होत्या. एवारिस्त, एवारिस्त. रागाने नाही. वाचताना चुकलो की हाक मारायचे, तशा."

"किती वेळ?"

"मला ऐकू येत होत्या तोवर."

७

रोझा बॅग भरत होती. बापाचा चष्मा तिने शर्टांच्या घडीत ठेवला. सुनेत्राने पायरीवर बसून तिला सगळं सांगितलं. पान, पाती, दोर, दार. या खेपेला जेवढं ठाऊक होतं तेवढंच, त्यापुढे एक शब्द नाही.

"तुमच्या फोनमुळे काही झालं नाही," ती शेवटी म्हणाली. "ते जगायच्या तयारीत होते. रविवारच्या."

हे ऐकून बाई रडेल, मोकळी होईल, असं सुनेत्राला वाटलं होतं. रोझा रडली नाही. तिने बॅगेची चेन अर्ध्यावर सोडली.

"त्याची बोटं मी पाहिली होती," ती म्हणाली. "पेटीत ठेवताना जपमाळ मीच गुंडाळली हाताला. नखं नव्हती मॅडम. मला वाटलं, उडी मारल्यावर त्याला माझी आठवण झाली. म्हणून वर यायला धडपडला. म्हणजे मरताना मला माफ केलं त्याने. एवढे दिवस मी त्या नखांवर काढले."

तिने चष्मा ठेवलेली शर्टांची घडी पुन्हा सारखी केली.

"हाका मारत होता म्हणालात. कुणाला?"

"एवारिस्तला."

"आणखी कुणाला?"

खोटं बोलणं सोपं होतं. गुरुवारी तर तिने न विचारता सांगितलं होतं. आता विचारलं होतं, आणि तिला ठाऊक होतं.

"नाही," सुनेत्रा म्हणाली. "दुसऱ्या कुणाचं नाव एवारिस्तने ऐकलं नाही."

रोझाने मान हलवली, भाव सांगितल्यावर गिऱ्हाईक हलवतं तशी. "म्हणजे मी त्यात कुठंच नव्हते. ना मारायला, ना वाचवायला."

सुनेत्राने सोबत आणलेली पिशवी पुढे केली. पंचनाम्याला जप्त केलेली पाती होती, वरिष्ठांनी परत द्यायला सांगितलेली. पाच दिवसांत पिवळेपणा गेला होता, कडा तपकिरी होऊन आत वळल्या होत्या.

"ही तुमची."

रोझाने एक पातं उचलून पाहिलं आणि परत ठेवलं. "ही पाती जपून ठेवतात. पुढच्या वर्षी जाळतात. राखेच्या बुधवारी तिचीच राख कपाळाला लावतात."

"मग न्या ना वसईला."

"नको," रोझा म्हणाली आणि तिने चेन लावली. "मंडळाला द्या. तिथं सगळं वाटून घेतात."